चटकाकाकू आणि दोन पांढरे कोट

चटकाकाकूचं खरं नाव गल्लीत कोणालाच माहीत नाही आणि विचारायची कोणाची टापही नाही. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत, आतल्या बाजूला, ती इस्त्री घेऊन उभी असते. इस्त्रीचा चटका बसला तर फोड येतो आणि जातो. काकूच्या जिभेचा बसला की माणूस वर्षभर फुंकर घालत बसतो. म्हणून चटकाकाकू.

बाहेर काउंटरवर तिचा नवरा. तो बोलतो कमी, हसतो जास्त. आतून काकूनं "शर्टावर सांडायचंच होतं तर ताटलीत कशाला वाढून घेतलं?" असं गिऱ्हाईकाला भाजलं, की हा बाहेर हळूच म्हणतो, "मनावर घेऊ नका हो. संध्याकाळी तयार ठेवतो." म्हणून तो मलमकाका. गल्लीतली माणसं चटका खायला यायची आणि मलम घेऊन जायची, असा तो धंदा.

काकूला नावं ठेवणारे खूप आहेत. ठेवू देत. त्यांच्या कॉलरी कोणी पांढऱ्या केल्या ते आधी विचारा.

कामाची वाटणी पक्की होती. कपडा आला की मलमकाका कॉलरच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी, रंगीत दोऱ्याचा छोटा झुबका बांधायचा. प्रत्येक गिऱ्हाईकाचा रंग वेगळा. केकवाल्याचा गुलाबी, शाळेच्या बाईंचा पिवळा, दातांच्या डॉक्टरचा हिरवा, क्लबातल्या बॅन्डवाल्यांचा निळा. धुऊन झालं की कपडे आत काकूच्या इस्त्रीखालून जायचे, बाहेर यायचे, आणि काका दोरा बघून ज्याचा कपडा त्याच्या गठ्ठ्यात बांधायचा. काकू कधी विचारायची नाही हा कोट कोणाचा, तो सदरा कोणाचा. तिचं काम घडी, त्याचं काम दोरा. दोघांनी एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही. बाकी सगळ्या बाबतीत काकू खुपसायचीच.

मोठ्या रस्त्यावर मशीनवाली चकचकीत लाँड्री उघडली तेव्हा काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पेंटरला बोलावून दुकानाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून घेतलं: "एक कपडा बदलला तर दुकान बंद करू." पेंटर म्हणाला, "काकू, जरा सौम्य लिहू का?" काकू म्हणाली, "तू रंग लाव, अक्कल लावू नकोस."

गल्ली हसली. पण काकू शब्दाची पक्की, हे हसणाऱ्यांनाही माहीत होतं. दुसऱ्या गावी असलेला मुलगा फोनवर रोज तेच म्हणायचा, "आता पुरे झालं, आमच्याकडे या, आरामात बसा." काकू त्याला तिथल्या तिथे भाजायची. मलमकाका मात्र बसा हा शब्द ऐकला की गप्प व्हायचा. त्याच्या थोरल्या भावाला त्याच्या पोरांनी असंच आरामात बसवलं होतं. तो खिडकीत बसून जाणाऱ्या गाड्या बघायचा आणि बघता बघता खिडकीसारखाच झाला होता. मलमकाकाला दुकान म्हणजे पोट नव्हतं. दुकान म्हणजे सकाळी उठायचं कारण होतं.

तर असं सगळं. आणि गेले काही महिने मलमकाका जरा विचित्र वागत होता.

दोरा निवडायला तो काउंटर सोडून दारात जाऊन उभा राहायचा. एक पाय तपकिरी मोज्यात, एक काळ्या मोज्यात घालून यायचा. चहाचा कप ठेवताना आधी हातानं टेबल चाचपायचा. काकूचं मत स्पष्ट होतं: आळस. "दारात काय हवा खाताय? मोजे तरी बघून घालत जा, लोक म्हणतील मी नवऱ्याला अर्धा अर्धा जुळवून घेतलाय!" मलमकाका हसायचा. हसणं हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर होतं, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही काकूला त्या हसण्याचे प्रकार ओळखता यायचे नाहीत, ही तिची एकुलती एक अडाणीपणाची गोष्ट.

अशात क्लबाच्या मालकाचं बोलावणं आलं. मोठ्या रस्त्यावर जुन्या बँकेच्या तळघरात त्यानं सपर क्लब काढला होता. खाली टेबलं, मेणबत्त्या, बॅन्ड, आजोबांच्या काळातले कपडे घालून येणारी माणसं. तिथले टेबलक्लॉथ, नॅपकिन, वेटरचे शर्ट, बॅन्डचे पांढरे कोट, सगळं काकूच्या इस्त्रीखालून जायचं. मालक स्वतः येऊन म्हणाला, "काकू, क्लबला वर्ष होतंय. एक टेबल तुमच्या दोघांचं. नाही म्हणायचं नाही."

"आणि कपडे?" काकू म्हणाली. "तिथं म्हणे जुन्या पद्धतीचे लागतात."

"तुमच्याकडे जुने असतीलच की."

"आमच्याकडे सगळे जुनेच आहेत," काकू म्हणाली. "आम्ही त्याला पद्धत म्हणत नाही, एवढंच."

पण त्या संध्याकाळी ती नटली, हे मान्य करावं लागेल. ठेवणीतले कपडे काढले, मोत्यांची माळ काढली, मलमकाकाच्या लग्नातल्या कोटाला इस्त्री करून तो त्याला चढवला. बटण लागेना तेव्हा म्हणाली, "कोट तोच आहे, आतला माणूस वाढलाय." मोजे मात्र तिनं स्वतः जुळवून दिले.

तळघराच्या पायऱ्या उतरताना मलमकाकानं तिचा दंड घट्ट धरला.

"आज काय अंगात आलंय?" काकू कुजबुजली.

"जुनी पद्धत," मलमकाका म्हणाला.

काकू मनातून खूश झाली. तोंडावर नाही.

आत गेल्यावर आधी तिला काही दिसेचना. एवढ्या मोठ्या दालनात दिवे म्हणाल तर टेबलावर एकेक मेणबत्ती आणि स्टेजवर जरासा उजेड. आरसे मुद्दाम गढूळ केलेले. भिंतीचा रंग मुद्दाम उडवलेला. खुर्च्यांचं मखमल मुद्दाम झिजवलेलं. काकूनं एक बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "आपण आयुष्यभर जुनं नवं दिसावं म्हणून घासतोय, आणि ही माणसं बघा."

गॅलिस लावलेला वेटर आला, मेन्यूकार्ड देऊन गेला. आजूबाजूला सगळ्यांनी कार्ड मेणबत्तीच्या इतकं जवळ धरलं होतं की कोणाची तरी भुवई जळेल असं वाटावं. मलमकाकानं कार्ड उघडलंच नाही. ते तसंच मिटलेलं बाजूला ठेवत म्हणाला, "तू घेशील तेच मला." हेही काकूला प्रेमच वाटलं. एका संध्याकाळी दोनदा म्हणजे फारच झालं.

सूप आलं, मऊ पाव आले. काकूनं मांडीवरचा नॅपकिन उलटून बघितला, कोपरा चोळून बघितला, घडी जशी होती तशी परत घातली आणि बाजूला ठेवली.

"अगं, तोंड पुस की त्याला."

"तुम्हाला काय जातंय? सोमवारी मला धुवायचंय." आणि पर्समधून स्वतःचा रुमाल काढून तिनं तोंड पुसलं. शेजारच्या टेबलावर डोक्यात पीस खोवलेली एक बाई ओठ टिपणार, तेवढ्यात काकू वाकून म्हणाली, "बाई, लिपस्टिक कागदाला पुसा हो. कापडाला लागली की माझा घाम काढते." त्या बाईनं घाबरून नॅपकिन खाली ठेवला आणि नंतरची सगळी संध्याकाळ ओठ न हलवता जेवली.

मग बॅन्ड वर आला आणि टाळ्या झाल्या. चंदेरी टिकल्यांच्या झग्यातली गाणारी बाई, बाजा वाजवणारा, ढोलवाला, आणि ट्रम्पेटवाला. ट्रम्पेटवाल्याला सगळे फुगा म्हणायचे. गाल तसे, पोट तसं, स्वभावही तसाच हलका. त्याचं ट्रम्पेट ऐकायला माणसं लांबून येतात असं मालकानं सांगितलं होतं.

गाणारी बाई गायला लागली. काकू तल्लीन झाली होती, पण गाण्यात नाही. "त्या झग्याची डावीकडची एक टिकली लोंबतेय," ती म्हणाली. "गठ्ठा नेला तेव्हा पक्की होती. ह्या बाईनं बसताना ओढली असणार."

"गाणं ऐक गं."

"कानानं ऐकतेय. डोळे रिकामेच आहेत."

आणि मग फुग्यानं ट्रम्पेट ओठाला लावलं. सगळे सरसावून बसले. आणि जो आवाज आला तो सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा आला. फुग्यानं परत छाती भरायचा प्रयत्न केला. छाती अर्ध्यावर अडकली. कोपर वर जाईना. चेहरा लालबुंद झाला. बाजेवाल्यानं सांभाळून घेतलं, पण लोकांत चुळबुळ सुरू झाली.

"हा श्वास अर्धाच घेतोय," मलमकाका म्हणाला. त्याचे कान चांगले होते.

काकू फुग्याच्या कोटाकडे बघत होती. पांढरा कोट त्याच्या अंगावर असा बसला होता जसा उशीचा अभ्रा गादीवर चढवावा. बटणं जीव मुठीत धरून होती. त्यातलं तिसरं बटण काकूनं ओळखलं. दातांच्या डॉक्टरचं बटण. मागे तिनंच लावलं होतं, तिच्या आडव्या टाक्यानं, आणि लावताना डॉक्टरला म्हणाली होती, "लोकांचे दात पाडता ते ठीक, बटणं तरी जपा."

डॉक्टरला ह्या क्लबाचा इतका नाद की त्यानं बॅन्डच्याच शिंप्याकडून डिट्टो तसाच पांढरा कोट शिवून घेतला होता. काकूनं मान वळवली. स्टेजजवळच्या टेबलावर डॉक्टर बायकोबरोबर बसला होता. काडीसारखा माणूस, आणि अंगावर फुग्याचा कोट. खांदे कोपरापर्यंत आलेले, बाह्यांतून फक्त बोटांची टोकं बाहेर. सूप पिताना तो आधी बाही सरकवायचा, मग चमचा शोधायचा. पण चेहरा एकदम खूश. बायकोला म्हणत होता, आणि काकूच्या कानापर्यंत ते आलं: "त्या काळी असेच सैल घालायचे. बघ, धुतल्यावर कसा खुलून आलाय!"

कपडा बदलला होता. तिच्या दुकानातून. भिंतीवर हातभर अक्षरांत जे लिहिलं होतं ते तिच्या डोळ्यांसमोर नाचायला लागलं. आणि लगेच दुसरी गोष्ट: दोऱ्याचं काम ह्यांचं. बाजूला बसून हसणाऱ्या ह्या माणसाचं. दारात हवा खात बसायचं आणि निळ्याच्या जागी हिरवं बांधायचं! घरी जाऊ दे, असा चटका देते की मलमाचा कारखाना पुरायचा नाही. उद्या फुगा मालकाला सांगेल, मालक गल्लीला, गल्ली भिंतीकडे बोट दाखवेल. आणि काकूला शब्द पाळावा लागेल. मग मुलाचा फोन. मग खिडकी.

"काय झालं?" मलमकाकानं विचारलं.

"काही नाही. सूप गरम आहे," काकू म्हणाली. सूप केव्हाच संपलं होतं.

गाणं कसंबसं संपलं. जेवण वाढायला बॅन्डनं विश्रांती घेतली आणि फुगा पडदा सारून स्वयंपाकघराकडे गेला. काकूनं टेबलावरचा सोड्याचा ग्लास उचलला. "मी आले," म्हणाली, आणि निघाली.

आता जे तिनं केलं ते तिच्या तोंडून कोणी कधी वदवून घेऊ शकलेलं नाही. जिनं जन्मभर लोकांना सांडण्यावरून झापलं, त्या बाईनं डॉक्टरच्या टेबलाजवळ पाय अडखळल्याचं सोंग केलं आणि अख्खा ग्लास त्याच्या बाहीवर ओतला.

"अगं बाई!" काकूच ओरडली. "काढा, काढा कोट!"

"अहो काकू, असू दे," डॉक्टर म्हणाला. "साधं पाणी तर आहे."

"पाणी कसलं! सोडा आहे. पांढऱ्यावर सकाळी पिवळा नकाशा उमटेल. मग मला बोलू नका."

खोटं. शुद्ध खोटं. सोड्यानं डाग निघतो, पडत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? म्हणून तर तिनं सोडा उचलला, सरबत नाही. पण कपड्याच्या बाबतीत काकूचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. डॉक्टरनं निमूट कोट काढून दिला. "दोन मिनिटांत वाळवून आणते," असं म्हणत ती पडद्याआड गेलीसुद्धा.

आतल्या बोळात, भाज्यांच्या क्रेटवर फुगा बसला होता. मांडीवर ताटली, ताटलीत भाजलेली कोंबडी, आणि तो त्या कोंबडीकडे असा बघत होता जसं कोणी निघून गेलेल्या गाडीकडे बघतं.

"जेवत का नाहीस रे?"

फुग्यानं वर बघितलं. "काकू, तुम्ही? काय जेवू? फार सुटलोय मी. कोट बसेना. सगळ्यांनी आपापले घातले, उरला तो हा. मागच्या आठवड्यात छान व्हायचा. सकाळपासून नुसत्या पाण्यावर आहे, तरी श्वास घ्यायला जागा नाही. आता पुढचं गाणं माझं एकट्याचं आहे. आज जर हसं झालं ना..."

"कोट दुसऱ्याचा असेल असं नाही वाटलं तुला?"

"छे!" फुगा म्हणाला. "काकांनी बांधलेला गठ्ठा. काका कुठे चुकतात?"

एक जण सैल कोटाला फॅशन म्हणतो, एक जण घट्ट कोटासाठी उपाशी राहतो. स्वतःच्या अंगावर संशय घेतील, पण मलमकाकाच्या हातावर नाही.

"काढ तो," ती म्हणाली. "आणि हा घाल. हा तुझा."

फुग्यानं बटणं सोडली आणि जो श्वास सोडला त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर हललं. दुसरा कोट अंगात गेला, हात वर गेले, खाली आले. त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मी जाड नाही झालो?"

"होतास तेवढाच आहेस. तेवढा पुरे."

"मग चूक कोणाची?"

"माझी," काकू म्हणाली. "इस्त्री करताना माझ्याकडून उलटसुलट झालं. आणि हे बाहेर कोणाला बोललास ना, तर पुढच्या वेळी कोटाला इतकी कांजी घालीन की उभ्यानं वाजवशील आणि उभ्यानंच झोपशील."

"मेलो तरी नाही बोलणार," फुगा म्हणाला. पण शब्द कोंबडीतून आले, कारण त्यानं तोपर्यंत तोंड भरलं होतं. "काकू, बाही ओली आहे."

"वाळेल. जोरात वाजव."

बोळातल्या पिवळ्या दिव्याखाली काकूनं डॉक्टरच्या कोटाची कॉलर उलटली. आत निळा झुबका. मघाशी फुग्याला कोट देताना तिनं ओझरतं बघितलं होतं, त्याच्यात हिरवा. ती बघत राहिली. झुबका नीट होता. दुहेरी गाठ, टोकं सारखी कापलेली, नेहमीच्याच जागी. आळशी माणूस असं बांधत नाही. आळशी माणसाची गाठ सैल असते. ही गाठ मन लावून बांधलेली होती. फक्त रंग...

दारात जाऊन उजेडात धरलेले दोरे. मोजे. टेबल चाचपणारा हात. पायऱ्यांवर धरलेला दंड. न उघडलेलं मेन्यूकार्ड.

हवा खात नव्हता तो.

काकूचा सगळा राग गरम इस्त्रीवर पाणी शिंपडावं तसा चर्र करून गेला. महिनोन् महिने शेजारी उभी राहून तिनं टेबलक्लॉथवरचा ठिपका बघितला, झग्यावरची टिकली बघितली, आणि हे नाही बघितलं. तिनं पर्समधली कात्री काढली, निळा झुबका कापला आणि मुठीत घेतला.

डॉक्टरनं कोट घातला. खांदे जागेवर आले, बाह्यांतून हात बाहेर आले. तो उठून उभाच राहिला. "अहो, वाळला पण! आणि अंगाला बसला पण! काय केलंत काय?"

"थोडी वाफ दिली," काकू म्हणाली. "सैल फार वाईट दिसत होता. आता डॉक्टर दिसता. मघाशी धुणं दिसत होतात." डॉक्टरची बायको एवढी हसली की तिचं पुडिंग सांडता सांडता राहिलं. काकूनं ताबडतोब तिच्याकडे बोट केलं. "सांभाळून."

ती टेबलावर परत आली. मलमकाका आपल्या ताटलीतले घास बोटांनी हळूच चाचपत जेवत होता. काकूनं त्याची कोंबडी कापून दिली. आयुष्यात पहिल्यांदा. त्यानं चमकून तिच्याकडे तोंड केलं.

"आज काय अंगात आलंय?" तो म्हणाला.

"जुनी पद्धत," काकू म्हणाली.

तेवढ्यात फुगा वर आला आणि वाजला. असा वाजला की मेणबत्त्या वाकल्या. आवाज वर गेला, तिथं उभा राहिला, त्यानं इकडेतिकडे बघितलं, आणि मग सावकाश खाली उतरला. गाणारी बाई गायचं विसरून बघत राहिली. संपल्यावर फुगा माइकमध्ये म्हणाला, "हे गाणं माझा श्वास परत देणाऱ्या बाईंसाठी."

"कोण गं?" मलमकाकानं विचारलं.

"असेल कोणी. कलाकार माणसं, त्यांचं काय खरं."

संथ गाणं सुरू झालं. माणसं जोडीनं मधल्या मोकळ्या जागेत जायला लागली. मलमकाका उठला आणि त्यानं हात पुढे केला.

"वेड लागलंय का?" काकू पुटपुटली. "लोक बघतायत."

"कुठे? मला तर कोणीच दिसत नाही."

तो हसत म्हणाला आणि मग त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. आपण काय बोललो हे त्याला कळलं. काकूलाही. दोघंही क्षणभर तसेच, तो उभा, ती बसलेली, मधे त्याचा हात. काकूनं मुठीतला निळा झुबका पर्समध्ये टाकला आणि तो हात धरला. नाचता दोघांनाही येत नव्हतं. तिनं त्याला टेबलांमधून नीट नेलं, खुर्ची आली की दंडाला हलकेच दाबलं, तो वळला. बघणाऱ्याला वाटावं वर्षानुवर्षांचा सराव आहे. फक्त मधेच ती स्टेजपाशी थांबली आणि गाणाऱ्या बाईला म्हणाली, "ती टिकली शिवून घ्यायला उद्या पाठव." आणि जीभ चावली. "उद्या नको. परवा."

घरी जाताना रस्त्यात ती म्हणाली, "अहो, मला हल्ली रंग कळेनासे झालेत."

मलमकाका थांबला. "तुला?"

"मला. निळा का हिरवा, गोंधळ होतो. आजपासून दोरे नकोत. गाठी मारू या. डॉक्टरची एक, बॅन्डच्या दोन, केकवाल्याच्या तीन. हाताला कळतात."

"अगं, तू आत्ता अख्ख्या दालनापलीकडून सुटलेली टिकली बघितलीस."

"ती चमकत होती."

मलमकाकानं तिचा दंड शोधून धरला. मग म्हणाला, "म्हातारी झालीस." आणि चटकाकाकूनं, जिनं आजवर कोणाचा शब्द खाली पडू दिला नव्हता, हा शब्द मुकाट्यानं खाली पडू दिला.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय," ती म्हणाली. "मला एकटीला भीती वाटते."

"तुला? भीती?" मलमकाका हसला. ह्या वेळी कुठल्या प्रकारचं ते काकूला बरोबर ओळखता आलं. "येतो की सोबत."

"मग उद्या दुकान बंद."

"बंद?" त्याचा आवाज एकदम उतरला. भिंत त्यालाही पाठ होती. "किती दिवस?"

"एक दिवस. कपडा बदलला तर दुकान बंद करू असं लिहिलंय. किती दिवस ते कुठं लिहिलंय? पेंटरला मी तेवढंच सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी शटर खाली बघून गल्ली गोळा झाली. कोणी म्हणालं वारलं कोणी तरी, कोणी म्हणालं मुलाकडे गेली. दातांचा डॉक्टर कोट घेऊन आला होता, तो भिंत वाचून गेला आणि त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही, कारण त्याचा कोट तर बदललाच नव्हता, उलट सुधारला होता.

डोळ्यांच्या डॉक्टरनं आधी काकूला बसवलं. तिनं समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली आणि वर म्हणाली, "तुमच्या कोटाची कॉलर पिवळी पडलीय." डॉक्टर म्हणाला, "तुम्हाला काय त्रास होतोय?" काकू खुर्चीवरून उठली. "मला काही नाही. आता ह्यांना बसवा." मलमकाका बसला. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाला इतके दिवस ह्यांनी काम कसं केलं हेच कळत नाही. काकू म्हणाली, "माझ्या शेजारी उभं राहून. दुसरं काय?"

आधी उजवा डोळा केला. पट्टी निघाली त्या दिवशी काकू समोरच बसली होती. मलमकाकानं पापणी उघडली, मिटली, परत उघडली. खोलीची भिंत बघितली, खिडकी बघितली. काकूनं पर्समधून तो निळा झुबका काढून त्याच्यासमोर धरला.

"निळा," तो म्हणाला. मग झुबका धरलेल्या हातावरून त्याची नजर वर वर गेली आणि चेहऱ्यावर येऊन थांबली. बराच वेळ तो बघत राहिला. काकू चक्क लाजली.

"अगं," मलमकाका म्हणाला, "तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

चटकाकाकू डॉक्टरकडे वळली. "ह्यांची पट्टी परत बांधा."